मुलाला मुंबई-पुण्याच्या दवाखान्यात नेताय? साताऱ्याहून निघण्याआधी या चुका टाळा

आमच्या धाकटीच्या हृदयाला छिद्र असल्याचं अंगणवाडीच्या तपासणीत कळलं आणि पुढची दोन वर्षं कोरेगाव ते परळ ही वाट आमच्या पायाखालची झाली. आता गावात किंवा पाहुण्यांत कुणाच्या मुलाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं की फोन मला येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, कुठली गाडी धरू?" त्यावर मी आधी विचारते, "बाळ आत्ता कसं आहे?" एसटी, रेल्वे, स्वतःची गाडी की अँब्युलन्स, हे बाळाच्या तब्येतीवर ठरतं. आपल्या सोयीचा नंबर त्यानंतर.

गंभीर मुलाला घेऊन थेट मुंबईकडं धावणं

सगळ्यांत मोठी चूक हीच, म्हणून आधी हिच्याबद्दल सांगते. बाळाला धाप लागलीय, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडतायत, ओठ निळसर झालेत, झटका आलाय, किंवा बाळ अंगावर प्यायचं थांबून मलूल पडलंय, अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतं, "इथं काही व्हायचं नाही, सरळ मुंबईला न्या." साताऱ्याहून मुंबई अडीचशे किलोमीटर आहे. मध्ये घाट, टोलनाके, पुण्याच्या बाहेरची कोंडी. गाडीत ना ऑक्सिजन, ना ते लावणारं कुणी.

अशा बाळाला आधी जवळचा दवाखाना लागतो. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, सांगलीकडच्यांना सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय आहे. १०८ ला फोन केला की अँब्युलन्स मोफत येते आणि जवळच्या योग्य दवाखान्यात पोचवते. काही जण १०८ वर "परळला सोडा" म्हणून वाद घालतात आणि त्यात वेळ जातो. ती सेवा त्यासाठी नाही. बाळ स्थिर झालं आणि पुढं पाठवायचंच ठरलं, की इथल्या डॉक्टरांना एक विनंती नक्की करा: तिकडच्या डॉक्टरांशी तुम्ही स्वतः बोला आणि बेड आहे का ते विचारा. बेड नसताना पोचलात तर त्याच अवस्थेत पुन्हा दुसरा दवाखाना शोधत फिरावं लागतं. खाजगी अँब्युलन्स ठरवताना भाड्याच्या आधी तीन गोष्टी विचारा: ऑक्सिजन किती तास पुरेल, मुलांच्या मापाचा मास्क आहे का, आणि सोबत डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स येणार का. नुसता दिवा आणि भोंगा असलेल्या गाडीचा बाळाला उपयोग नाही.

वर्षाच्या आतलं आजारी बाळ सरकारी दवाखान्यातून पुढं पाठवलं जात असेल, तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वाहन मोफत मिळतं. १०२ चा नंबर त्यासाठीच आहे. आशाताईंना सगळं माहीत असतं, त्यांना विचारा. नवजात बाळाला नेताना गार पडू देऊ नका. आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यायचं, डोक्याला टोपी घालायची, नाक-तोंड मोकळं ठेवायचं. तापलेल्या मोठ्या मुलाला मात्र गोधडीत गुंडाळू नका, त्यानं ताप आणखी चढतो.

वाटेत झटका आला तर गाडी बाजूला घ्या आणि मुलाला कुशीवर झोपवा. तोंडात चमचा, पाणी, कांदा काहीही घालू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर मुंबईचा विचार सोडा आणि समोर दिसेल तो दवाखाना गाठा.

"केईएमला पाठवलंय" एवढ्यावर निघणं

कुठल्या केईएमला? एक मुंबईत परळला आहे, दुसरं पुण्यात रास्ता पेठेत. आमच्या भावकीतलं एक जोडपं चिठ्ठीवरचं नुसतं नाव वाचून रात्रीच्या गाडीनं परळला गेलं. डॉक्टरांनी पाठवलं होतं पुण्याला. दोन दिवस गेले, आणि बाळ चार महिन्यांचं.

वाडियाचंही तसंच. परळला आचार्य दोंदे मार्गावर वाडियाची दोन रुग्णालयं शेजारी शेजारी आहेत. नौरोसजी वाडिया हे प्रसूतीचं आणि बाई जेरबाई वाडिया हे मुलांचं, १९२९ पासूनचं. पुण्यात कुणाला नुसतं "वाडिया" विचारलंत तर तो स्टेशनजवळचं कॉलेज दाखवेल. कॅन्सरच्या "टाटा"चंही परळ आणि खारघर असं दोन ठिकाणी आहे, आणि खारघर साताऱ्याहून जाताना परळच्या कितीतरी आधी लागतं. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर दवाखान्याचं पूर्ण नाव, भाग, शहर आणि विभाग लिहून घ्या. लाजू नका, वाचता येत नसेल तर त्यांच्याकडूनच वाचून घ्या.

गाडी मुंबईची म्हणजे परळची, असं धरून चालणं

आमची पहिली फेरी इथंच फसली. वाढे फाट्यावरून रात्रीची खाजगी बस धरली. "मुंबईला जाते ना?" एवढंच विचारलं होतं. पहाटे चारला सायनला उतरवलं. धाकटी झोपेत, खांद्यावर दोन पिशव्या, आणि आम्ही दोघं रिक्षाची वाट बघत उभे. सायनच्या पुढं दक्षिणेकडं रिक्षा चालत नाहीत, काळ्या-पिवळ्या टॅक्सी चालतात, हे आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. पाऊण तास तसाच गेला.

तेव्हा तिकीट काढतानाच विचारा: शेवटचा थांबा कुठला, परळच्या जवळ कुठं उतरायचं, आणि तिथं किती वाजता पोचणार? एसटीचं परळला आगार आहे, त्यामुळं परळची गाडी मिळाली तर उत्तम. बोरिवलीची गाडी उत्तरेकडं जाते. तिच्यात बसलात तर मध्ये उतरून टॅक्सी करावी लागेल, ते पैसे आधीच बाजूला ठेवा. पहाटे तीनला पोचवणारी गाडी मी आता धरत नाही. आजारी मुलाला घेऊन फुटपाथवर उजाडायची वाट बघण्यापेक्षा दोन तास उशिराची गाडी बरी.

मुंबईसाठी माझी पसंती रात्रीच्या रेल्वेला आहे, कारण मूल आडवं झोपून जातं आणि शौचालय हाताशी असतं. पण सातारा स्टेशन गावात नाही, ते माहुलीकडं आहे. कराडचं ओगलेवाडीला. मध्यरात्री तिथवर जायला रिक्षा मिळेलच असं नाही, ती संध्याकाळीच सांगून ठेवा. पुण्याला जायचं तर मात्र रेल्वेच्या नादी लागू नका. ती लोणंद, नीरा, जेजुरी असा फेरा घेते. स्वारगेटची विनाथांबा एसटी सरळ पडते.

दादरनंतर मध्य रेल्वेवर पुढचंच स्टेशन परळ. लोकल धीमी धरा, जलद गाडी परळला थांबत नाही. सकाळी आठ ते अकरा मुलाला घेऊन लोकलमध्ये शिरूच नका, सरळ टॅक्सी करा. वाडिया, केईएम, टाटा ही तिन्ही पूर्वेला आहेत. पश्चिम रेल्वेनं प्रभादेवीला उतरलात तर पादचारी पुलावरून परळच्या बाजूला या. गाडीनं येणाऱ्यांसाठी एक गोष्ट: या दोन बाजूंना जोडणारा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. पश्चिमेकडून येणाऱ्या टॅक्सीला दादरचा टिळक पूल धरायला सांगा.

पुण्यात ससूनला जाणाऱ्यांची आता चांगली सोय झालीय. स्वारगेटला मेट्रोत बसायचं, जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलायची आणि पुणे रेल्वे स्टेशनला उतरायचं. ससून तिथून जवळ आहे. लिफ्ट आहे, गर्दीतून मुलाला कडेवर घेऊन धावावं लागत नाही.

दुचाकीवर मध्ये बसवून स्टँडपर्यंत

गावाकडं हे रोजचं आहे. पण आजारी मूल पेंगतं, तोल जातो, आणि मागच्याला ते कळत नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हवा, वेग चाळीसच्या आत हवा, असा नियमच आहे. शेजारच्याची चारचाकी मागा. मुलासाठी मागायला कमीपणा कसला?

स्वतःची गाडी, एकच माणूस

गाडी चालवणारा आणि मुलाला धरणारा वेगळा हवा, आणि जमलं तर तिसरं माणूस हवं. परळला गेटसमोर गाडी थांबू देत नाहीत. आई आणि मूल आत गेले की गाडीवाला जागा शोधत भटकतो आणि कागदांची फाईल त्याच्याकडंच राहते. फाईल कायम आईच्या हातात द्या. शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावर खंडाळ्याला रांगा लागतात, आणि सणाच्या आदल्या दिवशी खंबाटकी आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर. तारीख हातात असेल तर हे दिवस टाळा.

कागद आणि सवलती

बाह्यरुग्ण विभाग रविवारी बंद असतो, तरी शनिवारी रात्री निघणारे मला दर महिन्याला भेटतात. निघण्याआधी फोन करून तो विभाग कुठल्या वारी असतो ते विचारा. जुने एक्स-रे, इको, डिस्चार्ज कार्ड, शिधापत्रिका आणि मुलाचं आधार किंवा जन्मदाखला एका फाईलमध्ये ठेवा. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी शिधापत्रिका लागते आणि ती घरी राहिली की तिच्यासाठी पुन्हा साताऱ्याला माणूस पाठवावा लागतो.

एसटीत मार्च २०२३ पासून आईला अर्धं तिकीट आहे, पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं. कॅन्सर, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस यांसाठी रेल्वेत रुग्णाला आणि सोबतच्या एकाला मोठी सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र दवाखान्यातून सही-शिक्क्यानिशी घ्यावं लागतं आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. पहिल्याच भेटीत ते मागून घ्या.

उपाशी ठेवायचं की नाही, हे न विचारणं

भूल देऊन तपासणी असेल तर उपाशी ठेवतात, पण किती तास आणि दूध कधीपर्यंत चालेल हे डॉक्टरांनीच सांगायचं असतं. काही आयाबाया स्वतःच्या मनानं लेकराला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, ते करू नका. उलटी-जुलाब असलेल्या मुलाला वाटेत ओआरएस घोट-घोट पाजत राहा. गाडी लागणाऱ्या मुलाला तेलकट वडापाव देऊन घाटात नेऊ नका, पुढच्या बाजूला बसवा आणि पिशवी हाताशी ठेवा. अंगावर पाजणाऱ्या आईनं मोठ्या स्टँडवर हिरकणी कक्ष कुठं आहे ते विचारावं.

परतीचा विचार न करता डिस्चार्ज घेणं

ऑपरेशन झालं, सुट्टी मिळाली, की घरची ओढ लागते. आम्ही त्याच संध्याकाळी निघणार होतो. नर्सनं थांबवून विचारलं, किती तासांचा प्रवास आहे, टाके कुठं आहेत? मग डॉक्टरांनी आणखी एक दिवस ठेवून घेतलं. तुम्ही स्वतःच विचारा: आज एवढा प्रवास झेपेल का, बसून की आडवं, जखमेवर पट्टा येणार नाही ना, वाटेत कुठली लक्षणं दिसली तर थांबायचं? पुढची तारीख मागताना तुमचा गाव सांगा. सातारा लांब आहे हे कळलं की दोन तपासण्या एकाच दिवशी बसवून देतात, आणि तेवढीच एक फेरी वाचते.