सबवूफर बदलण्याआधीची तयारी : किनारपट्टीवरच्या गाडीसाठी

सबवूफर म्हणजे फक्त खालचे, घुमणारे स्वर वाजवणारा स्पीकर. तो बदलायला दुकानात जाण्याआधी गाडीत बसून एक परीक्षा घ्यावी. पखवाजाची साथ असलेले भजन लावावे, कणीक लावलेल्या डाव्या पुडीच्या थापेकडे कान द्यावा आणि आवाज हळूहळू वाढवत न्यावा. सुरुवातीला भरलेला वाटणारा घुमारा पुढे मागे पडू लागला आणि गायकाचा गळा व झांजा तेवढ्या वर येऊ लागल्या, तर दोष कुठे आहे हे कळले. कंपनीने बसवलेला सबवूफर बहुधा आठ इंचांपर्यंतचा, हलक्या कोनाचा (हवा हलवणाऱ्या पडद्याचा) आणि प्लॅस्टिकच्या लहान पेटीतला असतो. तो फाटू नये म्हणून आवाज वाढताच खालचे स्वर आपोआप कमी करण्याची सोय अनेक गाड्यांच्या मूळ यंत्रणेतच केलेली असते. अशा गाडीत नुसता सबवूफर बदलून पैसे वाया जातात. म्हणून सिग्नल कुठून घेणार आणि कापलेला बेस (खालचे स्वर) परत मिळवणारा प्रोसेसर लागेल का, हे तंत्रज्ञाला आधी विचारावे. मूळ अँप्लिफायर (स्पीकरला ताकद पुरवणारे यंत्र) बहुतेकदा मूळ सबवूफरच्या ओहमनुसार (विद्युत अवरोधानुसार) बेतलेला असल्याने स्वतंत्र अँप्लिफायरचा खर्चही धरून ठेवावा.

त्यानंतर डिकी मोजावी. बारा इंची कोनाचे क्षेत्रफळ आठ इंचीच्या सव्वादोन पट असते, आणि ८० हर्ट्झऐवजी ४० हर्ट्झचा, म्हणजे अधिक खोल, स्वर तेवढ्याच जोराने ऐकवायचा तर चौपट हवा हलवावी लागते. लहान सबवूफर खोल स्वरांत कमी पडतो तो यामुळे. तरीही मेमध्ये आंब्याच्या पेट्या आणि गणपतीला घरच्यांचे सामान वाहणाऱ्या गाडीसाठी मी दहा इंची सबवूफर आणि साधारण पाऊण घनफुटाची बंद पेटी सुचवेन. पोर्टवाली (हवेसाठी भोक ठेवलेली) पेटी अधिक जोरात वाजते, पण जागा जास्त खाते, आणि पखवाजाची थाप मला बंद पेटीतच नेटकी ऐकू येते. सीएनजीची टाकी असल्यास सीटखालचा सबवूफर घ्यावा लागेल. त्यातून मध्यम बेस चांगला मिळतो, खोली मात्र बेताचीच.

पेटी एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीसारख्या ठिकाणी ती कडांपासून फुगते. मरीन प्लाय (पाण्याला टिकणारे प्लायवुड) आणि पॉलिप्रॉपिलीनचा कोन मागावा.

वायरीच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. माझ्या गाडीतली अर्थिंगची वायर दुसऱ्या पावसाळ्यानंतर उघडली, तेव्हा बोल्टखालच्या लगमध्ये (वायरीच्या टोकाच्या कडीत) पांढरी भुकटी साचली होती आणि वायरीचे धागे बोटानेच तुटत होते. ते तांबे नव्हते, तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम होते, आणि खाऱ्या हवेने ते खाल्ले होते. कथिलाचा मुलामा दिलेली शुद्ध तांब्याची वायर घ्यावी. ५०० वॅट आरएमएसचा (सतत देता येणाऱ्या ताकदीचा) क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा) अँप्लिफायर पूर्ण ताकदीने चालताना सुमारे ४५ अँपिअर ओढतो, तेव्हा चार गेजपेक्षा बारीक वायर नको. आणि मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, म्हणजे वाटेत वायर घासून पत्र्याला टेकली तरी आग लागण्याआधी तो उडेल. अर्थिंगसाठी रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करावा, बोल्ट घट्ट आवळावा आणि मगच त्या जागेवर ग्रीस लावावे. उघडा राहिलेला पत्रा इथे लवकर गंजतो.

अँप्लिफायर सीटखाली न बसवता मागच्या सीटच्या पाठीला बसवावा. जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

कंपनीचे हार्नेस (वायरींचा जुडगा) कापू न देता कपलर (जोडणीचा प्लग) वापरायला सांगावे, नाहीतर वॉरंटीचा वाद उभा राहतो. काढलेला सबवूफर जपून ठेवावा. लो-पास (वरचे स्वर अडवणारी गाळणी) ८० हर्ट्झच्या आसपास लावून गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) आपल्यासमोर ठरवून घ्यावा.

गाडी ताब्यात घेण्याआधी पेटी स्वतः सोडवून स्टेपनी बाहेर काढून पाहावी. कुंभार्ली घाटात भर पावसात टायर बसला, तर दोन बोल्ट सोडवून पेटी एकट्याला उचलता आली पाहिजे. येत नसेल, तर त्याच दिवशी फिटिंग बदलून घ्यावे.