ग्रुपवर उत्तर लिहावं कसं

ग्रुपवर चार प्रश्न एकदम येतात आणि खाली कुणीतरी लिहितं, "हो, चालेल." काय चालेल? उत्तर एकटं वाचलं तरी ते कशाचं आहे हे कळायला हवं.

१. ज्याला उत्तर देताय ते वाक्य सोबत घ्या. व्हॉट्सॲपवर मेसेज उजवीकडे सरकवला की तो तुमच्या उत्तराला जोडला जातो. मात्र मूळ मेसेज लांबलचक असेल तर त्याचा सुरुवातीचा भागच वर दिसतो. तुम्ही बोलताय चौथ्या मुद्द्यावर आणि वाचणाऱ्याला दिसतो पहिला, गोंधळ इथेच होतो. अशा वेळी तेवढंच वाक्य कॉपी करा आणि ओळीच्या सुरुवातीला > टाकून एक जागा सोडा. ही सोय २०२४ पासून आहे.

> हॉल शनिवारी घ्यायचा की रविवारी?

रविवारी. शनिवारी तो संध्याकाळी ६ पर्यंतच मिळतो.

ही खूण त्या एका ओळीपुरतीच असते. एंटर मारलात तर पुढच्या ओळीला पुन्हा > द्या.

२. ईमेलमध्ये आधीचा सगळा मजकूर खाली लोंबत ठेवू नका. लागेल तेवढाच ठेवा आणि प्रत्येक मुद्द्याच्या खाली त्याचं उत्तर लिहा. संदर्भापुरताच मजकूर ठेवावा, हे १९९५ च्या आरएफसी १८५५ या इंटरनेट-शिष्टाचाराच्या दस्तऐवजातही सांगितलेलं आहे.

३. ठळक करायचं ते एकच: तारीख, रक्कम किंवा निर्णय. सगळंच ठळक केलं तर काहीच उठून दिसत नाही. व्हॉट्सॲपवर दोन्ही बाजूंना एकेक तारा लागतो, तोही अक्षराला चिकटून. मध्ये जागा सुटली की तारे तसेच दिसतात. प्रत्यय ताऱ्यांच्या आतच घ्या: *सोमवारपर्यंत* बरोबर, *सोमवार*पर्यंत नको. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर ठळकसाठी दोन तारे लागतात, एका ताऱ्याने अक्षर तिरकं होतं. देवनागरीत तिरकं टाळलेलंच बरं. बहुतेक फॉन्टमध्ये खरी तिरकी अक्षरं नसतात, सरळ अक्षरंच कलती करून दाखवली जातात आणि वाचायला त्रास होतो.

४. एकाच माणसाला विचारायचं असेल तर @ टाकून यादीतून नाव निवडा. नुसतं टाइप केलेलं नाव हा उल्लेख धरला जात नाही.

५. चूक सुधारायला व्हॉट्सॲपवर १५ मिनिटं मिळतात. पण त्यावर कुणी उत्तर दिलेलं असेल तर मूळ मेसेज बदलू नका, त्यांचं उत्तर विसंगत वाटायला लागतं. खाली नवा मेसेज टाका: "दुरुस्ती: ६ नव्हे, ७ वाजता."