स्वस्तातला टू-इन-वन लॅपटॉप घ्यायचाय? मग दुकानातच तो उलटा करून बघा

आमची वहिनी नववी-दहावीच्या गणिताच्या ट्युशन्स घेते, अर्धी मुलं घरी येतात आणि अर्धी ऑनलाइन, त्यामुळे तिला टू-इन-वन, म्हणजे स्क्रीन पूर्ण मागे दुमडून टॅबलेटसारखा वापरता येईल आणि त्यावर पेनने लिहिता येईल असा लॅपटॉप पाहिजे होता आणि बजेट पन्नास हजारांच्या आत. गेल्या काही वर्षांत तिच्यासाठी दोन मशिनं घेऊन झाली, पहिलं फसलं, दुसरं बरं निघालं. त्या अनुभवातून सांगतो.

आधी एक साधी गोष्ट. याच कॉन्फिगरेशनचा साधा लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त मिळतो. वरचे पैसे आपण फक्त तीन गोष्टींचे देतो, गोल फिरणारं बिजागर, टच आणि पेन. मग दुकानात जाऊन प्रोसेसर आणि रॅमचाच स्टिकर वाचत बसण्यात काय अर्थ आहे, ज्याचे जास्त पैसे मोजतोय ते आधी तपासा ना. आणि पेनचं काम नसेल, नुसते पिक्चर बघायचेत, एक्सेल करायचंय, तर खरं सांगू का, साधा लॅपटॉप घ्या आणि उरलेल्या पैशात रॅम वाढवा.

सुरुवात बिजागरापासून, म्हणजे हिंजपासून. लॅपटॉप उघडा, स्क्रीनच्या वरच्या कडेला बोटाने हलकी टिचकी मारा. स्क्रीन दोन-तीन वेळा डोलून थांबली तर ठीक, नुसती थरथरत राहिली तर टचवर लिहिताना वैताग येणार. मग पूर्ण ३६० अंश फिरवा, कुरकुर आवाज येतो का ऐका, दुकानदार बघत असला तरी आठ-दहा वेळा फिरवा, लाजू नका. आमच्या पहिल्या मशिनचं बिजागर वॉरंटी संपून दोन महिने होतात न होतात तोच गेलं, म्हणजे बिजागर शाबूत होतं पण त्याचे स्क्रू ज्या प्लास्टिकमध्ये बसवलेले असतात ते प्लास्टिकच आतून तुटलं आणि स्क्रीनची कड वर आली. स्वस्त मशिनमध्ये बिजागर घट्ट आणि बॉडी प्लास्टिकची, त्यात आपण एका कोपऱ्याला धरून उघडतो, की सगळा पीळ एकाच बाजूच्या स्क्रूवर. त्यामुळे कुठलंही घ्या, उघडताना स्क्रीन मधोमध धरून उघडायची, घरातल्या पोरांनाही हे शिकवा. अजून एक, टचची काच बऱ्याचदा पॅनेलला चिकटवलेली असते, काच फुटली की अख्खा डिस्प्ले बदलावा लागतो, म्हणून घेण्याआधीच सर्व्हिस सेंटरला फोन करून त्याचा खर्च विचारून ठेवा.

आता हातात धरा. चौदा इंचाचं मशिन साधारण दीड किलोचं असतं, टॅबलेट अर्धा किलोच्या आसपास. दुकानात पुस्तकासारखं एका हातात धरून पाच मिनिटं उभं राहा, जाहिरातीच्या फोटोत ती बाई सोफ्यावर हसत हसत वाचत बसलेली असते ना, तिचं मनगट कसं दुखत नाही कोण जाणे. टॅबलेटसारखं दुमडलं की कीबोर्ड मागे येतो आणि बोटांना बटणं लागतात, तेव्हा कीबोर्ड आपोआप बंद होतो का बघा, कधी कधी सेन्सर गडबडतो आणि मागून काहीबाही टाइप होत राहतं. तंबूसारखा उभा करूनही बघा, ओट्यावर रेसिपी बघायला ही पोझिशन एक नंबर, पण व्हिडिओ कॉलला नको कारण कॅमेरा खाली जातो आणि समोरच्याला तुमच्या नाकपुड्या दिसतात.

पेनचं मात्र नीट ऐका, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. "टचस्क्रीन आहे" म्हणजे पेन चालेलच असं नाही. दोनशे रुपयांचं रबरी टोकाचं पेन कुठल्याही टचवर चालतं पण ते बोटासारखंच, तळहात टेकला की त्याच्याही रेघा उमटतात. ॲक्टिव्ह पेनला, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या पेनला, स्क्रीनमध्ये सोय लागते आणि पेन-स्क्रीन दोघांची भाषा एक लागते, विंडोजवाल्यांत एमपीपी किंवा वॅकॉम एईएस, क्रोमबुकमध्ये (विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) बऱ्याचदा यूएसआय. पेन बॉक्समध्ये येतं का वेगळं घ्यावं लागतं तेही विचारा. मग पट्टी घेऊन स्क्रीनवर अगदी हळू एक तिरकी रेघ मारा, स्वस्त स्क्रीनवर ती रेघ सापासारखी वळवळते. आणि तळहात टेकवून "ज्ञानेश्वर" लिहा, शिरोरेघ झपकन ओढा. पेन पुढे आणि रेघ मागून धापा टाकत येतेय असं दिसलं तर गणिताच्या सरांनी, बाईंनी ते मशिन घेऊ नये. वहिनीने दुकानात वर्गमूळ काढून बघितलं होतं, दुकानदार पण बघत बसला.

स्क्रीन. या किमतीत २५० निट्स ब्राइटनेस आणि ४५ टक्के एनटीएससी रंग (म्हणजे जरा फिकट) हेच जास्त दिसतं, घरात चालतं, पण टचची काच चकचकीत असते, त्यामुळे दरवाजाकडे पाठ करून बसा आणि काळा वॉलपेपर लावा, स्वतःचा चेहरा किती दिसतो ते कळेल. बाजूने बघितलं की रंग उलटेपालटे होत असतील तर पॅनेल टीएन असणार, आयपीएसच मागा, कारण हा लॅपटॉप तुम्ही दहा कोनांतून बघणार आहात. स्क्रीनचं रुंदी-उंचीचं प्रमाण १६:१० मिळालं तर उत्तम, उभं धरून पीडीएफ वाचायला १६:९ फारच लांबुडकं होतं.

आतल्या भागांचं. रॅम ८ जीबी ही किमान, आणि बऱ्याच टू-इन-वनमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढत नाही, म्हणून जमलं तर आत्ताच १६ घ्या. स्टोरेजला ईएमएमसी (स्वस्त, मंद प्रकार) लिहिलं असेल तर सरळ पुढे चला, ६४ जीबीवाल्यात तर विंडोजचे मोठे अपडेट घालायलाच जागा पुरत नाही, एनव्हीएमई एसएसडी पाहिजे. प्रोसेसरमध्ये सेलेरॉन एन४०२० हा दोन कोरचा २०१९चा, आता त्याच्या वाटेला जाऊ नका. एन१०० चार कोरचा, क्लास, ब्राउझर, वर्ड एवढ्याला चालतो. कोअर आय३-१२१५यू किंवा १३१५यू मिळाला तर निवांत. रायझनमध्ये एक मेख आहे, ७००० सीरिजमध्ये तिसरा आकडा आर्किटेक्चर, म्हणजे आतल्या रचनेची पिढी सांगतो, ७५२०यू मध्ये झेन २ आणि ७५३०यू मध्ये झेन ३, आकडा दहानेच वेगळा दिसतो पण एक चार कोरचा आणि दुसरा सहा कोरचा. सेल्समन दोन्हीला "रायझन फाइव्ह सर, लेटेस्ट" म्हणणार. त्याचं ऐकून घ्या आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळं तिथे दिसतं.

जुना स्टॉक असेल आणि विंडोज १० असेल तर विंडोज ११ वर जातो का विचारा, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. एस मोड (यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप टाकता येतात) असेल तर घाबरू नका, फुकटात काढता येतो, फक्त परत लावता येत नाही. क्रोमबुक स्वस्त पडतं पण टॅली थेट चालत नाही, दुकानाचे हिशोब असतील तर विषय संपला.

बॅटरीचे तास जाहिरातीतून घेऊ नका, कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये वॉट-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता बघा, हलक्या कामाला सात वॉट धरले तर ४२ वॉट-अवरमध्ये सहा तास, ब्राइटनेस फुल केला की त्यातले दीड-दोन तास गेलेच. टाइप-सी पोर्टवरून चार्ज होतो का तेही स्वतःचा चार्जर लावून बघा, बऱ्याच स्वस्त मशिनांत ते पोर्ट नुसतं डेटाचं असतं.

ऑनलाइन घेत असाल तर बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि रिप्लेसमेंटची मुदत किती दिवसांची आहे ते बघून त्या दिवसांत वरचं सगळं घरी करा. मराठी टायपिंगपण लावून घ्या, विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच येतो, वेगळं काही टाकायला लागत नाही.

वहिनीचं आत्ताचं मशिन दीड वर्ष चाललंय. टॅबलेटसारखं हातात तिने एकदाही धरलेलं नाही. देवघरातला जुना पाट भिंतीला तिरका टेकवते, त्यावर दुमडलेला लॅपटॉप ठेवते आणि फळ्यावर लिहावं तसं लिहिते.