आगोटीच्या कामांत वादळाचंही धरा

हापूसच्या शेवटच्या पेट्या बांधून होताहेत, कॅनिंगची (कारखान्यासाठी आंबा गोळा करणारी) गाडी गावात फिरतेय, कौलं चाळायला माणूस मिळत नाही आणि पेंढा अजून उघड्यावर आहे. कोकणात आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी, ती ही धांदल. याच धांदलीत गेल्या काही वर्षांत दर्याने आपल्याला पुन्हा पुन्हा गाठलं. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला लागलं, ताशी ११० ते १२० किलोमीटर वाऱ्याने. पुढच्याच वर्षी १६ आणि १७ मे रोजी तौक्ते सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि झाडावरचा उरलेला आंबा जमिनीवर आला. २४ मे २०२५ ला रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान जे किनाऱ्यावर चढलं, त्याला तर नावही नव्हतं. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरपर्यंत पोचल्याशिवाय वादळाला नाव मिळत नाही. म्हणून ‘नाव नाही, म्हणजे काही नाही’ हे डोक्यातून काढून टाका. बिननावाचा कमी दाबाचा पट्टाही सुपारी आडवी करतो आणि भाताचा धूळवाफा, म्हणजे कोरड्या मातीत पेरलेला रोपांचा वाफा, वाहून नेतो.

अंदाज कसा वाचायचा, ते आधी. हवामान विभाग चक्रीवादळाच्या सूचना टप्प्याटप्प्याने देतो. साधारण ७२ तास आधी पहिली चाहूल, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी, आणि किनाऱ्याला लागण्याच्या १२ तास आधीपासून लाल. वादळ तयार झालं की दर तीन तासांनी नवं पत्रक येतं. नकाशावर मधोमध एक रेघ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना पसरत जाणारा शंकू. आपण सगळे रेघ बघतो. रेघ मुरुडवरून जाते म्हटलं की गुहागरवाला निर्धास्त होतो. वादळाचं केंद्र त्या शंकूत कुठेही जाऊ शकतं आणि वारा-पाऊस तर शंकूच्याही बाहेर पसरतो. तुमचं गाव शंकूत असेल, तर वादळ तुमच्याकडेच येतंय असं समजून कामाला लागा.

मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंचंही सांगायला हवं. सोंडेसारखा काळा खांब घरं उचलतोय, असं चित्र दाखवून ‘हे आपल्याकडे येतंय’ म्हणतात. ती सोंड म्हणजे टोर्नाडो. तो रुंदीला लहान असतो आणि बहुधा काही मिनिटांत विरतो. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि तासन् तास झोडपतं. तयारी त्या लांब झोडपण्याची करायची आहे. पत्रकं हवामान विभागाची वाचा, ‘मौसम’ आणि ‘मेघदूत’ ही ॲप ठेवा, बंदरावर कितव्या नंबरचा धोक्याचा बावटा लागलाय ते कोळीवाड्यात विचारा. आणि घरात सेलवर चालणारा एक रेडिओ असू द्या. निसर्गनंतर कित्येक गावांत टॉवर आणि वीज दोन्ही बरेच दिवस नव्हती.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. वादळात वारा फिरतो. आमची वाडी, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर. निसर्गच्या आदल्या दिवशी आम्ही नारळाच्या तरण्या झाडांना आणि आंब्याच्या चार-पाच वर्षांच्या कलमांना टेकू दिले. आयुष्यभर जोराचा वारा दर्याकडून येताना पाहिलेला, म्हणून सगळे टेकू पूर्वेच्या अंगाला लावले. सकाळी वारा सुरू झाला तो डोंगराकडून. झाडं दर्याच्या बाजूला कलली आणि टेकू एकेक करून गळून पडले. बुंध्याशी माती फाटून बोटभर रुंद भेग पडलेली मी डोळ्यांनी पाहिली. त्या भेगेत पावसाचं पाणी शिरत होतं. दुपारी वारा फिरून दर्याकडून आला, तेव्हा मुळं सैल झालेली होती आणि आधार उरला नव्हता. कलमं त्या दुसऱ्या वाऱ्याने पडली.

त्याचं कारण साधं आहे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळातला वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. केंद्र तुमच्या नैर्ऋत्येला असतं तेव्हा वारा आग्नेयेकडून, म्हणजे जमिनीवरून येतो. केंद्र पश्चिमेला समोर आलं की दक्षिणेकडून. ते वर सरकलं की नैर्ऋत्य-पश्चिमेकडून, सरळ दर्यावरून. केंद्र जिथे किनाऱ्याला लागतं, त्याच्या दक्षिणेकडच्या गावांना हा दर्याचा वारा आणि चढलेलं पाणी जास्त सोसावं लागतं. आणि केंद्रच डोक्यावरून गेलं तर मध्ये वारा पडतो, आभाळ उजळल्यासारखं वाटतं. त्या वेळी वाडीत धावू नका. उलट दिशेचा वारा यायचा असतो.

म्हणून आधार द्यायचा तो तिन्ही अंगांनी. काथ्याची दोरी घ्या, नायलॉनची खोडात रुतते. दोरीखाली गोणपाटाची घडी घाला. खुंट झाडापासून लांब ठोका आणि दोरीला थोडी ढील ठेवा. अगदी ताणून बांधलेलं झाड दोरीशीच मोडतं. बुंध्याला मातीची भर द्या आणि पाणी साचणार नाही असा चर काढा. भिजून लुसलुशीत झालेल्या मातीतलं झाड निम्म्या वाऱ्यानेही पडतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे लक्षात घेतलं की या दोन घमेली मातीचं मोल कळतं.

७२ तासांची चाहूल लागली की पहिला फोन पाडेल्याला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, करा. तयार नारळ आणि वाळलेल्या झावळ्या उतरवून घ्या. हिरव्या झावळ्यांना कोयता लावू नका. झाड हलकं करायचं म्हणून काही जण शेंडा बोडका करतात, ते चूक आहे, कारण कोंबाला त्याच झावळ्यांचा आडोसा असतो. नारळाला वाढायला कोंब एकच. तो मोडला की झाड संपलं. नारिंगी इशारा आल्यावर कोणालाही झाडावर चढवू नका, दुप्पट मजुरी देत असलात तरी नाही.

आंबा चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार, झाला असेल तर झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवून घ्या, बाजारभावाची वाट बघत बसू नका. पडलेला आंबा काढलेल्या आंब्यात मिसळू नका. मुका मार दोन दिवसांनी दिसतो आणि सगळी पेटी जाते. पडलेला आंबा त्याच दिवशी कॅनिंगला. केळीचा भरलेला लोंगर (घड) उतरवा, बाकी केळींना बांबूच्या कैच्या लावा. वाळत घातलेली सुपारी, कोकमाची सोलं, आंबोशी घरात घ्या. खत आणि फवारणी थांबवा, सगळं वाहून जाईल. रोहिणीतली धूळवाफ्याची पेरणी आठवडाभर पुढे गेली तर काही बिघडत नाही. बियाणं कोरडं आणि उंचावर ठेवा.

गुरांना पत्र्याच्या शेडमध्ये दाव्याला बांधून ठेवू नका. पक्का गोठा नसेल तर शेजाऱ्याच्या पडवीत सोय करा. खाडीकाठच्या गुरांना आदल्या दिवशीच वर न्या. विहिरीवर दोर आणि पोहरा आणून ठेवा, वीज गेल्यावर पंप चालणार नाही. खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, शेतकऱ्यांनी बांधाची भगदाडं आणि उघाडीची (पाणी सोडायच्या झडपेची) दारं आताच पाहून घ्यावीत. वादळ अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गाठून आलं तर पाणी बांधावरून येतं. आलंच, तर ओहोटीला उघाडी उघडून ते काढायचं आणि पावसाच्या पाण्याने जमीन धुऊन द्यायची. अशा जमिनीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल १, २ आणि ३ हे भाताचे वाण आहेत, त्यांचं बियाणं आधीच पाहून ठेवलेलं बरं.

वारा सुरू झाला की वाडीतलं काम संपलं. उडता पत्रा आणि तुटलेली तार यांच्यापुढे कुठलंही झाड मोलाचं नाही.

वादळ गेल्यावर आधी मोजणी, मग साफसफाई. मन धजत नाही, आडवी वाडी बघवत नाही, तरी कोयता उचलण्याआधी मोबाईल उचला. प्रत्येक पडलेल्या झाडाचा फोटो, नारळ किती, सुपारी किती, कलमं किती, सगळं वहीत लिहा. निसर्गनंतर नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० रुपये अशी मदत ठरली होती, कारण दहा-वीस गुंठ्यांच्या वाडीला हेक्टरचा हिशोब लागूच पडत नाही. झाडांचा आकडा ज्याच्याकडे पक्का, त्याचा पंचनामा नीट होतो. सातबाऱ्यावर सुपारी, मिरी, जायफळ लागलेलं नसेल तर ई-पीक पाहणीत आजच लावून घ्या. तलाठी आणि कृषी सहायक दारात आल्यावर ते आठवून उपयोग नाही.

कललेलं कलम लगेच कापून टाकू नका. निम्मी मुळं जमिनीत असतील तर फांद्यांचा भार कमी करा, दोन-तीन दिवसांत, माती ओली असताना, हळूहळू सरळ करून माती भरा. मोडलेल्या फांदीचा ढलपा तसाच लोंबत ठेवू नका, करवतीने स्वच्छ काप घ्या आणि बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवा, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांड्यात नाही. मिश्रण झालं की त्यात घासलेला विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. दर्याच्या फवाऱ्याने पानं खारावली असतील आणि पाऊस थांबला असेल, तर गोड्या पाण्याने झाडं धुऊन काढा.

नारळाची पडलेली खोडं वाडीत कुजू देऊ नका. गेंड्या भुंगा त्यातच अंडी घालतो आणि वादळातून वाचलेल्या झाडांच्या कोंबात शिरतो. जखमी खोडांच्या वासाने सोंड्या भुंगाही येतो. खोडं उचलणं जमत नसेल तर चिरून जाळणाला काढा, शेणखताच्या खड्ड्यात भुंग्याच्या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळा.

नवी सुपारी लावायची घाई मात्र करू नका. सुपारीच्या रोपाला सावली लागते, आणि झाडं पडल्यावर वाडीत टळटळीत ऊन येतं. आम्ही पहिल्याच पावसात रोपं लावली, ती मार्चपर्यंत पानं भाजून गेली. दुसऱ्या वर्षी आधी केळी लावल्या, त्यांच्या सावलीत सुपारी घातली, ती जगली. तेव्हा या पावसात केळीचे मुनवे (बुंध्याजवळ फुटलेली पिल्लं) लावा, आणि सुपारीच्या रोपांची मागणी पुढच्या वर्षासाठी श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात नोंदवून ठेवा.