वादळ ओसरलं तरी फर्नेस लगेच चालू करू नका

न्यू जर्सीत नव्याने राहायला आलेल्या आपल्या मंडळींना माझं पहिलं सांगणं असतं: घर गरम ठेवणारं यंत्र, म्हणजे फर्नेस, कुठे आहे, ते कशावर चालतं आणि त्याचा गॅस कुठून बंद होतो, हे आजच बघून ठेवा. आपण पुण्या-मुंबईहून येतो. पूर आपल्याला नवा नाही, घरात पाणी शिरल्यावर काय करायचं हे आपल्याला कळतं. पण तिथल्या घरात तळघरात पेटणारी फर्नेस नसते, त्यामुळे या एका बाबतीत आपला अनुभव तोकडा पडतो.

इथे बहुतेक स्वतंत्र घरांत फर्नेस किंवा बॉयलर आणि शेजारी वॉटर हीटर बेसमेंटमध्ये असतात, म्हणजे पाणी आधी शिरतं तिथेच. 29 ऑक्टोबर 2012 ला सँडी वादळ ब्रिगँटाइन गावाजवळ किनाऱ्यावर आलं. कित्येक घरांत वीज परतलीही नव्हती, तोच 7 नोव्हेंबरला बर्फाचं वादळ आलं. अशा वेळी घरात लहान मूल किंवा भारतातून आलेले आईबाबा असले की कसंही करून हीट सुरू व्हावी, एवढंच मनात येतं. धोका नेमका त्या घाईत आहे. 1 सप्टेंबर 2021 ला आयडा वादळाच्या पावसाने मॅनव्हिल, बाउंड ब्रूकसारख्या गावांत पाणी भरलं, तेव्हा उलटी अडचण होती. सप्टेंबरात हीटची आठवण कुणाला होते? बेसमेंट धुऊन-वाळवून मोकळं करायचं, आणि पहिल्या थंडीत सवयीने थर्मोस्टॅट वर करायचा. मधल्या काळात फर्नेस कुणी उघडून पाहिलेलीच नसते.

पाणी भरलेल्या बेसमेंटमध्ये लगेच उतरू नका. पाणी प्लगपर्यंत किंवा ब्रेकरच्या पेटीपर्यंत पोचलं असेल, तर वीज कंपनीने घराचा पुरवठा तोडल्याशिवाय पाय टाकायचा नाही. पाण्यात उभं राहून ब्रेकरला हात लावायचा नाही.

मग वास. भारतात आपण सिलिंडर वापरत आलो. तो गॅस हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साचतो. इथला पाइपचा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असतो, तो वर चढतो आणि छताशी साचतो. त्यामुळे जमिनीजवळ वास नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. वास येण्यासाठी त्यात गंधकयुक्त रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. 1937 साली टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेल्या गॅसचा स्फोट होऊन जवळपास 300 जण गेले, त्यात बहुतेक मुलं होती. त्यानंतर ही सक्ती आली. सडक्या अंड्यासारखा वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालू असेल तर बंदही करायचं नाही, खिडक्या उघडत बसायचं नाही. सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि दूर जाऊन 911 ला किंवा गॅस कंपनीच्या तातडीच्या नंबरवर फोन करायचा. तो नंबर बिलावर असतो, आजच मोबाइलमध्ये घाला. मीटरजवळचा व्हॉल्व्ह पाना लावून पाव फेरा फिरवला की गॅस बंद होतो. मात्र एकदा बंद केलेला गॅस परत सुरू करणं कंपनीच्या माणसाचं काम आहे.

सगळ्यात जास्त गैरसमज भिजलेल्या फर्नेसबद्दल आहे. पंखा लावून वाळवली, वरून पुसली, पेटलीसुद्धा, म्हणजे झालं असं वाटतं. पण गॅसच्या व्हॉल्व्हमध्ये बारीक स्प्रिंगा आणि पडदे असतात. चिखलाचं पाणी आत शिरलं की ते आतून गंजतात, आणि महिन्याभराने व्हॉल्व्ह हवा तेव्हा बंद होत नाही. म्हणून उत्पादकही सांगतात की बुडालेला गॅस व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा नाही, बदलायचा. विजेच्या नियंत्रण बोर्डाचंही तेच. पाणी बर्नरपर्यंत पोचलं होतं, तर अनेकदा फर्नेसच नवी घ्यावी लागते. वॉटर हीटरची तपासणी त्याच वेळी करून घ्या, त्यालाही तसाच व्हॉल्व्ह असतो. वादळानंतर दारोदार फिरून स्वस्तात काम करून देणारे येतात. राज्याचा परवाना विचारल्याशिवाय कुणाला आत घेऊ नका. नवी फर्नेस बसवताना टाउनशिपचं, म्हणजे गावच्या प्रशासनाचं, परमिट लागतं. ते कटकटीचं वाटलं तरी काढा, कारण त्यामुळे एक त्रयस्थ निरीक्षक काम बघून जातो.

पाणी शिरलं नसेल तरी बाहेर एक चक्कर मारा. बऱ्याच नव्या फर्नेसचा धूर चिमणीतून न जाता भिंतीतून आलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपांतून जातो. बर्फाचा ढीग किंवा पालापाचोळा त्यांच्या तोंडाशी साचला, तर फर्नेस आपोआप बंद पडते, किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात परतू शकतो. जुन्या घरात चिमणी वाकली आहे का, विटा निखळल्या आहेत का, धुराचा पत्र्याचा पाइप सुटला आहे का, ते पाहा. गॅस मीटरवरचा बर्फ हाताने किंवा झाडूने काढा, फावड्याने ठोकू नका.

कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि थंडी बाधली असं समजून माणूस पांघरूण घेऊन झोपतो. झोपायच्या खोल्यांजवळ अलार्म हवाच, आणि वीज गेल्यावरही चालेल असा बॅटरीवरचा. चार-चार ठोके वाजले तर तो कार्बन मोनॉक्साइड, तीन-तीन वाजले तर आग. मिनिटाला एकच टुक् होत असेल तर बॅटरी संपत आली आहे किंवा अलार्मचं आयुष्य संपलं आहे, मागची तारीख बघा.

हीट येईपर्यंत घरात शेगडी पेटवू नका. आपल्याकडे थंडीत आजी निखाऱ्यांची शेगडी खोलीत आणायची, पण ती घरं वाऱ्याला मोकळी होती. इथली घरं बंद डब्यासारखी असतात. बार्बेक्यू आत आणायचं नाही, ओव्हन उघडा ठेवून ऊब घ्यायची नाही, जनरेटर गॅरेजमध्ये लावायचा नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. तो घरापासून निदान 20 फूट लांब हवा. विजेचा हीटर थेट भिंतीतल्या प्लगला, आणि पडदा-पांघरुणापासून 3 फुटांवर. थंडी सोसवेना तर मित्राकडे जा, संकोच करू नका. जवळचं वॉर्मिंग सेंटर, म्हणजे ऊब घ्यायला सगळ्यांना खुली असलेली जागा, 211 या मदतीच्या नंबरवर फोन केला की कळतं.

तुमच्याकडे तेलावरची हीट असेल तर टाकी जागेवरून हलली आहे का पाहा. पुराच्या पाण्यात टाकी तरंगते आणि पाइप तुटतो.

भाड्याने राहत असाल तर तपासणीचा आणि दुरुस्तीचा खर्च घरमालकाचा. हीट बंद असल्याचं त्याला लेखी कळवा, ईमेल पुरतो. दाद दिली नाही तर टाउनशिपच्या आरोग्य किंवा इमारत विभागाला फोन करा. बहुघरांच्या इमारतींत 1 ऑक्टोबर ते 1 मे दिवसा किमान 68 अंश फॅरनहाइट आणि रात्री 65 ठेवणं घरमालकाला बंधनकारक आहे. घर स्वतःचं असेल तर नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. पुराचा विमा वेगळा, आणि तो साधारणपणे घेतल्यापासून 30 दिवसांनी लागू होतो, तेव्हा वादळाची बातमी आल्यावर धावून उपयोग नाही. त्यात बेसमेंटमधली फर्नेस आणि वॉटर हीटर धरले जातात. म्हणून भिजलेलं यंत्र उचलून नेऊ देण्याआधी पाण्याची रेघ आणि सीरियल नंबरची पट्टी यांचे फोटो काढून ठेवा.