पिकअपला इलेक्ट्रिक रेडिएटर फॅन बसवताय? या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. आमच्या एका गिऱ्हाइकाचा आंबा घाटातून फोन आला. रत्नागिरीत हापूसच्या पेट्या भरून पिकअप कोल्हापूरकडे निघालेली. साखरपा सोडून घाट लागला आणि काटा लालवर. "फॅन तर फिरतोय की हो दादा, मग गाडी का तापतीय?"

कूलंटचा कॅन घेऊन पोचलो. फॅन खरंच जोरात फिरत होता. मी वर्तमानपत्राचं पान पुढच्या ग्रिलसमोर धरलं. ते जाळीला चिकटायला हवं होतं. उडून माझ्या छातीवर आलं. फॅनच्या दोन वायरी उलट जोडलेल्या. इंजिनाच्या बाजूला बसवलेला फॅन हवा आत ओढायची सोडून इंजिनाची गरम हवा पुढे ढकलत होता. सपाट रस्त्यावर साठच्या वेगात समोरून येणारा वारा त्याला पुरून उरत होता, म्हणून आठवडाभर कुणाला पत्ता लागला नाही. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये तो वाराच मिळत नाही. वायरी बदलायला पाच मिनिटं लागली. पेट्या मात्र तीन तास उन्हात शिजल्या. बसवणाऱ्या पोराला काम येत नव्हतं असं नाही. पातं फिरलं, बॉनेट लावलं, पैसे घेतले. ही घाई मला सहन होत नाही.

इंजिनाकडचा फॅन हवा ओढणारा आणि ग्रिलकडचा ढकलणारा हवा. पात्यांचा बाकही त्याच दिशेचा लागतो. चुकीच्या पात्याचा फॅन नुसत्या वायरी फिरवून चालवला तर हवा फार कमी मिळते. कागद लावून बघितल्याशिवाय मी गाडी सोडत नाही.

दुसरी चूक रिलेची, म्हणजे छोट्या करंटवर मोठी लाइन चालू-बंद करणाऱ्या डबीची. फॅनची लाइन थेट डॅशबोर्डच्या स्विचमधून घेतात. वीस अँपिअर ओढणारा फॅन सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो, आणि स्विच असतो फॉग लॅम्पचा. मी वितळलेले स्विच इतके काढलेत की आता वासावरून ओळखतो. चाळीस अँपिअरचा रिले घ्या. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून लाइन, ८७ वरून फॅन, ८५ आणि ८६ ला स्विचचं कंट्रोल. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच. फॅनजवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही. अशा फॅनला मी तीस अँपिअरचा फ्यूज आणि सहा चौरस मिलिमीटरची वायर वापरतो. चारचीही चालते, पण उन्हाळ्यात बॉनेटखाली मला तेवढी ढील हवी असते. अर्थ द्यायच्या जागेचा रंग घासून लोखंड उघडं करा.

रेडिएटरच्या जाळीतून आरपार प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून फॅन लटकवू नका. खडबडीत रस्त्यावर तो हलत राहतो, नळ्या घासतात आणि रेडिएटर गळतो. पत्र्याच्या पट्ट्या करून फ्रेमला बोल्टने धरा. श्राउड, म्हणजे रेडिएटर झाकून सगळी हवा फॅनकडे आणणारं कवच, नसेल तर फॅनच्या गोलापुरतीच हवा ओढली जाते, कोपरे गरमच राहतात.

थर्मोस्विच (तापमानावर फॅन चालू-बंद करणारा स्विच) ८० अंशांना लावून "गाडी थंड राहील" म्हणणारे भेटतात. इंजिनातून रेडिएटरकडे कूलंट सोडणारा थर्मोस्टॅटच ८२ ला उघडणारा असेल तर फॅन बंद होणारच कधी? अशा गाडीला मी ९३ ला चालू आणि ८७ ला बंद ठेवतो. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी चालू असताना, किती करंट देतो तेही मोजा. हेडलाइट, एसी आणि दोन फॅन मिळून बॅटरी रात्रीत बसते.

आणि घाटात रोज भरून जाणाऱ्या गाडीचा मूळ व्हिस्कस फॅन (इंजिनावरच फिरणारा, तापल्यावर जोर धरणारा) चांगला असेल, तर मायलेजच्या हौसेपायी तो काढू नका. ग्रिलकडून हवा आत ढकलणारा इलेक्ट्रिक फॅन जोडीला द्या. मी तरी तेवढंच करतो, गिऱ्हाईक रुसलं तरी.

काम झालं की कूलंट भरून, हवा काढून, गाडी उभी चालू ठेवा. फॅन आपोआप दोनदा चालू-बंद होऊ द्या. मग रिकामी गाडी घाटात न्या, परतल्यावर गार होऊ द्या, मगच झाकण उघडून पातळी बघा. भाडं दुसऱ्या दिवशी.