घरची खुशाली कळवावी कशी

आमच्या घरातून दर रविवारी दुपारी तीन निरोप जातात. एक जहाजावर ह्यांना, एक डोंबिवलीला भावोजींकडे आणि एक संगमेश्वराजवळ माझ्या आईला. हे मोटरमन आहेत, म्हणजे जहाजाच्या इंजिनात. एकदा गेले की सहा-आठ महिने घर दिसत नाही. मी खाडीपलीकडे दाभोळला एका पतसंस्थेत कॅशियर. रोज सकाळी धोपाव्याच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघायची, संध्याकाळी तीच वाट उलटी. थोरली बाय सहावीत, धाकटा बाबू पहिलीत, घरात सासूबाई.

सुरुवातीची दोन वर्षं मी ‘सगळे मजेत, काळजी नको’ एवढंच लिहीत असे. वेळच नव्हता, असं मला वाटायचं. पण अडचण वेळेची नव्हती, काय लिहायचं ते सुचायचं नाही ही होती. आता या कामाला अर्धा तास लागतो. कसा, ते सांगते. नवरा मुंबईत, आखातात किंवा जहाजावर असलेल्या बाया आमच्या वाडीतच आठ-दहा आहेत, त्यांनी विचारलं म्हणून हे नीट मांडायला घेतलं.

आधी वार ठरवा

रोज थोडं थोडं कळवू, हे होत नाही. रोजच्या निरोपात ‘जेवलात का’, ‘हो’ एवढंच उरतं. आठवड्याचा एक वार धरा आणि तो पलीकडच्यालाही सांगून ठेवा. वार ठरला की मधल्या दिवसांत काही आलं नाही तरी कोणी घाबरत नाही. मी रविवार धरलाय, कारण त्या दिवशी मला फेरीबोट गाठायची नसते आणि जेवणं उरकली की पोरं तासभर तरी गप्प असतात. तुमची सुट्टी गुरुवारी असेल तर गुरुवार.

आठवडाभर शब्द साठवा

हेच खरं काम. रविवारी बसून आठवायला गेलं की काही आठवत नाही, डोक्यात फक्त थकवा असतो. आमच्या स्वयंपाकघरात फडताळाशेजारी कॅलेंडर आहे. त्याच्या चौकटीत दुधाचा खाडा, सिलेंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता असं सगळं असतं. त्याच चौकटीत मी पेन्सिलीने एक-दोन शब्द टाकते. वाक्य लिहायचं नाही, वाक्य लिहायला गेलात की तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. माझ्या एका आठवड्याच्या चौकटी अशा होत्या: सोमवार – दात. बुधवार – निळी छत्री. गुरुवारी काहीच नाही. शुक्रवार – ‘समुद्र कुठे संपतो’. रविवारी ते वाचलं की पुढचं आपोआप आठवतं.

पेन्सिल दोरीने कॅलेंडरलाच बांधून ठेवा. नाहीतर ती दप्तरात जाते.

घराबाहेर असताना काही आठवलं तर फोनवर व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच निरोप पाठवता येतो, तिथे टाकून ठेवते. पण कॅलेंडरची सर त्याला नाही. कॅलेंडर सासूबाईंनाही दिसतं आणि त्याही त्यांच्या अक्षरात भर घालतात. एकदा त्यांनी नुसतं ‘बाबू खोटं बोलला, गोड’ असं लिहिलं होतं.

एका पोराचं एकच, पण डोळ्यांसमोर दिसेल असं

‘बाबूचा दात पडला’ ही बातमी झाली. ती वाचून बाप म्हणतो, बरं. मी त्या रविवारी लिहिलं ते असं: ‘बाबूचा खालचा दात सोमवारी पडला. आई म्हणाल्या कौलावर टाक. त्याने खळ्यातून तीनदा फेकला आणि तीनदा तो टकटक करत घरंगळून खाली आला. चौथ्यांदा पन्हळीत पडला, तो काही आला नाही. आता विचारतोय, पन्हळीत पडलेला चालतो का, की नवा दात वाकडा येईल.’ ह्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, की पन्हळ छपरातच मोडते, चालतं. तो निरोप बाबूने मला चारदा वाचायला लावला.

यात लिहिण्याची कला काही नाही. कोण, कुठे उभा होता, काय म्हणाला, एवढं टाकायचं. ‘हुशार झालाय’, ‘खोडकर झालाय’ असे शब्द गाळायचे, ते वाचणाऱ्याला ठरवू द्यायचं. दोन पोरं असतील तर दोघांना सारखी जागा देण्याच्या फंदात पडू नका. एखाद्या आठवड्यात थोरलीचं काहीच घडत नाही. तेव्हा तिचं एक वाक्य पुरे.

‘सर्व खुशाल’ पहिल्या ओळीत, पण तेवढ्यावर थांबू नका

जुन्या पत्रांची रीत चांगली होती. आधी शि. सा. न. वि. वि., मग ‘आम्ही येथे सर्व खुशाल आहोत’, मग ‘पत्रास कारण की’. वाचणाऱ्याचा जीव आधी भांड्यात पडायचा आणि मग तो पुढचं निवांत वाचायचा. ती पहिली ओळ मी अजून ठेवते.

पण त्या ओळीचा दुसरा उपयोगही या घराने बघितलाय. सासरे लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षातली त्यांची पोस्टकार्डं सासूबाईंच्या ट्रंकेत आहेत आणि प्रत्येकावर तेच, आम्ही येथे सर्व खुशाल, काळजी नसावी. सासूबाई म्हणतात, कार्ड यायचं, मनीऑर्डर यायची नाही, त्यावरून मी काय ते समजायची. त्या काळी बायकोला सांगून तिने काय केलं असतं, असं सासऱ्यांनाही वाटत असेल. पण सासूबाईंना अजून राग आहे तो संपाचा नाही, त्या ओळीचा आहे.

आजारपण कळवताना

इथे मी एकदा चांगलीच चुकलेय. गेल्या वर्षी जुलैत एका रात्री धाकट्याला ताप भरला. अर्धवट झोपेत मी लिहिलं, ‘बाबूला ताप आहे, बघते उद्या.’ पहाटे वारा-पाऊस सुटला, लाइट गेली, दुपारपर्यंत टॉवरची बॅटरी संपली आणि रेंज गेली ती दोन दिवस आलीच नाही. पोराचा ताप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरला. तो ओटीवर बसून पेज आणि मेतकूट खात होता आणि बाप तिकडे भर समुद्रात माझी एक ओळ धरून बसला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या माळावर, चढले, तिथे रेंज येते. फोन खिशात थरथरायला लागला तो थांबेना. चौदा निरोप होते. शेवटचा होता, ‘निदान हो की नाही तेवढं तरी लिही.’

तेव्हापासून अर्धी बातमी पाठवत नाही. आजारपणाच्या निरोपात हे सगळं एकदमच जायला हवं: कधीपासून, किती, काय केलं, आता कसा आहे, पुढचा निरोप कधी आणि तो आला नाही तर का. म्हणजे असं: ‘बाबूला काल रात्री ९ पासून ताप, मोजला तेव्हा १०१. डॉक्टरांनी मागे दिलेलं पॅरासिटामॉलचं औषध त्याच मापाने दिलं. पाणी पितोय, गोष्ट सांग म्हणतोय. सकाळी दवाखान्यात नेते. उद्या दुपारी कळवते. इथे पाऊस जोराचा आहे, रेंज गेली तर निरोप येणार नाही, ते पावसामुळे समजा. तसं झालं तर शेजारचे चिपळूणला जातात, ते भावोजींना फोन करतील आणि भावोजी तुम्हाला.’

या साखळीतल्या सगळ्यांना ते आधीच सांगून ठेवलेलं हवं, ऐन वेळी नाही. जहाजावरच्या माणसासाठी कंपनीच्या ऑफिसचा तातडीचा नंबर असतो, तो आम्ही दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलाय. फोन बंद पडला तरी दार कुठे जात नाही.

आणि पोर पाणी घेत नसेल, गुंगीत असेल, धाप लागली असेल किंवा झटका आला असेल, तर निरोप लिहीत बसू नका. आधी गाडी बघा.

मुलांना विचारून लिहा

थोरलीला पहिल्या घटक चाचणीत गणितात वीसपैकी अकरा पडले. मी ते घरच्या ग्रुपवर टाकलं, ते काळजीपोटीच. गणपतीत सगळे चाकरमानी आले, ओटीवर मंडळी बसलेली, आणि चुलतभावाने मोठ्याने विचारलं, ‘काय गं, गणितात अकरा?’ ती मोदकाचं ताट तिथेच ठेवून माडीवर गेली, ती आरतीलाच खाली आली. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आता तिच्याविषयी जे लिहिते ते पाठवण्याआधी तिला वाचून दाखवते. ती खोडेल ते खोडलं. ती आता मोठी होतेय, तिच्या अंगाचं, मैत्रिणींचं, गुणांचं बापाला काय सांगायचं आणि काकाला काय, हे ती ठरवते. गंमत म्हणजे ती खोडते फार कमी, उलट स्वतःच ओळी घालते. फोटोचंही तसंच. शाळेचं नाव दिसणारा गणवेशातला फोटो मोठ्या ग्रुपवर नाही, फक्त बापाला.

तिन्ही निरोप एकच नसतात हे यावरून लक्षात आलंच असेल. मूळ मजकूर एक लिहायचा आणि दुसऱ्यांना पाठवताना त्यातलं गाळायचं. माझ्या आईला वाचता येतं पण डोळ्यांना त्रास, म्हणून तिला बोलून पाठवते. पैशाचं काही असेल तर ते या निरोपात नकोच, वेगळा निरोप, वेगळा दिवस. दाताच्या गोष्टीखाली हप्त्याची ओळ आली की माणूस दात विसरतो.

लांबच्या माणसाला काम द्या

लांब असलेल्याला सगळ्यात जास्त हे खुपतं, की आपल्यावाचून तिथे काही अडत नाही. म्हणून प्रत्येक निरोपात एक खरा प्रश्न ठेवते. खरा म्हणजे ज्याचं उत्तर मला लागणार आहे असा. पोरांचे असले प्रश्न सोन्यासारखे. ‘समुद्र कुठे संपतो’ हा मी तसाच जहाजावर धाडला होता. त्याचं उत्तर तीन आठवडे हप्त्याहप्त्याने येत होतं.

फोनच्या दोन-चार गोष्टी

जेट्टीवर उभं राहून आवाज रेकॉर्ड करू नका. मला वाटायचं, बोट येईपर्यंत वेळ मिळतो तर बोलून टाकावं. ह्यांना तिकडे नुसता वारा ऐकू गेला, मध्येच ‘आई’ आणि ‘भात’. घरात दार लावून, नाहीतर सरळ लिहून. जहाजावर इंटरनेट मोजूनमापून असतं, तिथे लिहिलेलं आधी पोचतं. व्हिडिओ पाठवायचाच तर अर्ध्या मिनिटाचा. व्हॉट्सॲपवर निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय असते, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांची. तुमचे हे निरोप जातात त्या चॅटमध्ये ती बंद आहे ना, बघून घ्या. आमची कोणीतरी चालू केली होती आणि एका पावसाळ्याचे निरोप त्यात गेले. ट्रंकेतली कार्डं चाळीस वर्षं टिकली.

शेवटी एक ओळ स्वतःची लिहा. ती मी पुष्कळ वर्षं गाळत होते, कारण कोणी विचारत नव्हतं.

या रविवारचा निरोप असा गेला:

‘आम्ही सर्व खुशाल. पाऊस लागला, होड्या सगळ्या वर ओढल्यात, ताजी मासळी आता मिळेल तेव्हा. आईंनी सुके बांगडे आगोटीलाच भरून ठेवलेत. शाळा सुरू झाली. बाबू पहिल्या दिवशी रडला नाही, दुसऱ्या दिवशी रडला, म्हणाला काल विसरलो. बाय म्हणते लिही, की नवीन बाईंना तिचं अक्षर आवडलं आणि ती आता आजीला कॅलेंडरवर नीट लिहायला शिकवणार आहे. आई म्हणतात माझं अक्षर माझ्यापुरतं बरं आहे. मी शुक्रवारी बोटीत उभ्या उभ्या झोपले, तिकीटवाल्याने उठवलं. पडवीची कौलं परतून घेतली, पण उत्तरेच्या कोपऱ्यात अजून गळतंय, खाली टोप ठेवलाय. गेल्या खेपेला तुम्ही तिथे काय लावलं होतं? माणूस बुधवारी येतोय, त्याआधी कळवा.’